माई चाऊमधला रानडुक्कर परतायचा क्लास: जा, पण बुकिंगच्या पानावरचे फोटो बघून जाऊ नका

जे फक्त स्टार बघायला येतात त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. साडेचार दिले असते पण माणसं नऊ आणि कढया दोन होत्या, ते येईलच पुढे.

तर झालं असं की माझा मावसभाऊ तीन वर्षं झाली व्हिएतनाममध्ये हनोईत नोकरीला आहे आणि दर फोनवर "ताई ये गं, ताई ये गं" चालू असतं, शेवटी नोव्हेंबरमध्ये गेले एकदाची. त्याने बेत आधीच ठरवून ठेवलेला, बोटीतून फिरणं सगळेच करतात, आपण माई चाऊला जायचं आणि तिथे रानडुकराचं मांस परतायला शिकायचं. मी म्हटलं अरे बाबा मी सुट्टीवर आलेय, इथे येऊन पण चुलीसमोर उभं करतोस का मला. पण त्याने बुकिंगचं पान दाखवलं, कढईतून दोन फूट जाळ वर आलाय, बाजूला हिरव्यागार पाल्याची टोपली, मागच्या भिंतीवर हरणाची शिंगं, आणि खाली लिहिलेलं की "जंगलातलं मांस, ताज्या रानपाल्यासोबत". मी गप्प बसले. माणशी साडेसात लाख. डाँग हो, रुपये नाहीत. पहिले दोन दिवस तिथे शून्यं मोजण्यातच जातात, मग कळतं की तिथले लोक पण भाव सांगताना शेवटची तीन शून्यं खाऊनच टाकतात, साडेसातशे म्हणाले की साडेसात लाख समजायचं. त्यात बाजारफेरी, क्लास, जेवण आणि घरच्या दारूचा एक छोटा पेला. हनोईहून यायची व्हॅन वेगळी, तिचे तीन लाख घेतले एका बाजूचे.

जागेचं नाव मी लिहित नाहीये कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि शिकवणाऱ्या बाई इतक्या चांगल्या होत्या की त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. माई चाऊ हनोईपासून साधारण १४० किलोमीटर, व्हॅनला साडेतीन तास लागतात. वाटेत थुंग खे घाट लागतो, सगळा पांढऱ्या चुनखडीचा, तिथे टपऱ्यांवर उकडलेली कणसं आणि बांबूच्या नळीत शिजवलेला भात मिळतो, धुकं इतकं की समोरचा ट्रक दिसेना आणि ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलतोय. खाली उतरलं की एकदम भाताची खाचरं आणि खांबांवर उभी लाकडी घरं. हा थाई लोकांचा भाग, म्हणजे थायलंडवाले नव्हेत, व्हिएतनाममधला थाई समाज, त्यातले इथले पांढरे थाई. आम्ही आदल्या रात्री पोचून तिथेच एका घराच्या माळ्यावर गाद्या टाकून झोपलो, सकाळी साडेसातला क्लास. हनोईहून त्याच दिवशी येतो म्हणाल तर बाजार हातचा गेला म्हणून समजा, आणि माझ्या मते बाजार हाच या क्लासचा अर्धा भाग आहे.

शिकवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या पहिलं काय विचारलं तर वय. मला जरा कसंनुसं झालं पण भाऊ म्हणाला, ताई, इथे मोठं कोण लहान कोण हे ठरल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही. त्या ५५, मी ४७, म्हणजे त्या माझ्या "चि", मोठी बहीण, आणि मी त्यांची "एम". झालं, दिवसभर मग चि आणि एम. बाकीच्या सात जणांना, एक ऑस्ट्रेलियन जोडपं, तीन कोरियन मुली आणि हनोईचीच एक मायलेकींची जोडी, प्रत्येकाला असं नातं चिकटवून मगच आम्ही बाजाराला निघालो.

बाजारात चि कुठल्याच मांसाच्या टेबलाकडे गेल्या नाहीत, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं. सरळ पाल्याच्या बायकांकडे. जमिनीवर केळीच्या पानावर जुड्या मांडलेल्या आणि चि एकेक पान चुरगाळून आमच्या नाकाखाली धरतायत, आधी वास, मग नाव. गवती चहा तर मी लांबूनच ओळखला, त्याला ते "सा" म्हणतात, पण आपण पात चहात टाकतो आणि बुंधा फेकतो, इथे पात फेकतात आणि बुंधा खातात, खालचा पांढरट जांभळा चार बोटं भाग तेवढाच. मग "ला लोत", दिसायला अगदी विड्याचं पान, त्याच कुळातलं आहेही, मी तर तोंडात टाकायला निघाले होते, पण कच्चं खायला त्यात काही राम नाही, ते पान गरम झालं की मगच त्याचा मिरमिरीत धुरकट वास उठतो. "मुई ताऊ" म्हणजे लांब पान, कडेला करवतीसारखे दाते, वास कोथिंबिरीचाच पण चौपट, कोथिंबिरीचा थोरला भाऊ म्हणा. "किन्ह झोय" लिंबासारखं, "तिया तो" वरून हिरवं खालून जांभळं. "राव राम" तिखट, जिभेला किंचित सुन्न करणारं. आणि एक "झ्येप का" म्हणून हृदयाच्या आकाराचं गोंडस पान असतं, त्याचा वास थेट कच्च्या माशाचा, म्हणजे पानाला माशाचा वास कसा काय येतो देव जाणे, ऑस्ट्रेलियन काकांनी ते खाल्लं आणि त्यानंतर तासभर काही बोलले नाहीत.

पण माझा जीव अडकला तो मॅक खेनवर. छोटी वाळलेली काळपट तपकिरी फळं, फुटून उघडलेली. चिंनी हातावर दोन ठेवली, मी चावली आणि मला हसूच आलं, हे तर तिरफळ. शंभर टक्के तिरफळ. नंतर भावाने फोनवर शोधलं तर शास्त्रीय नाव पण तेच निघालं, तेच झाड. आपण बांगड्याच्या आमटीत अख्खी टाकतो आणि ताटात बाजूला काढून ठेवतो, हे लोक कोरडी भाजतात आणि कुटून पूड करतात, आणि डुकराच्या मांसाला ती पूड लागली नाही तर ते जेवण झालं असं समजत नाहीत. सोबत अजून एक बी घेतलं, "हात झोय", चाफ्याच्या जातीच्या एका मोठ्या जंगली झाडाचं, तांबूस काळं, निखाऱ्यावर धरलं की फुगतं आणि मग जो वास सुटतो त्याला मला शब्द नाही, जुन्या लाकडी कपाटात कोणी मसाला ठेवलाय तसा काहीतरी. ते मात्र मॅक खेनपेक्षा कितीतरी महाग, चिंनी मोजून सहा दाणे घेतले.

बरं आता मांस. घरी परत आलो, तर मागच्या अंगणात गोठ्याशेजारी कुंपण आणि आत अकरा डुकरं. लांब तोंडाची, पाठीवर राठ केसांचा पट्टा, पिल्लांच्या अंगावर पट्टे. ही म्हणजे "लोन रुंग लाय", रानडुक्कर आणि गावठी डुकरीण यांचं संकरित, पाळलेलं. ऑस्ट्रेलियन काकूंचं तोंड पडलं, त्यांनी विचारलंच, म्हणजे खरं जंगलातलं नाही का? चि म्हणाल्या नाही, दुभाष्या पोरगा ते गुळगुळीत करून सांगायला लागला तर चिंनी त्याला थांबवून परत "नाही" म्हटलं.

इथे थोडं थांबते कारण हा प्रश्न प्रत्येक बॅचला निघत असणार. "थित रुंग", म्हणजे रानातलं मांस, ही पाटी व्हिएतनाममध्ये बऱ्याच डोंगराळ रस्त्यांवर दिसते आणि तिच्यामागे तीन प्रकारची गोष्ट असते. एक, असं पाळलेलं, कागदपत्रं असलेलं, रानडुकराचं संकरित, साळिंदर, बांबूतला उंदीर, हे सगळं तिथे फार्मवर वाढवतात. दोन, निव्वळ फसवणूक, म्हातारी गावठी डुकरीण, कातडी मशालीने भाजून रानडुक्कर म्हणून विकतात, तिथल्या पेपरात पण येऊन गेलंय हे. आणि तीन, खरोखर फासात अडकवून आणलेलं, आणि यातलं बरंचसं "फार्मचंच आहे हो" म्हणून खपवलं जातं. ते फास दुचाकीच्या ब्रेकच्या तारेचे असतात, कोण अडकेल ते फास बघत नाही. मध्य व्हिएतनाममध्ये ह्वे आणि क्वांग नामच्या बाजूला साओला नावाच्या प्राण्यासाठी अभयारण्यं केलीत, तिथून गस्तीवाल्यांनी २०११ नंतरच्या आठनऊ वर्षांत लाखाच्या वर फास काढले. साओला म्हणजे दोन सरळ लांब शिंगांचा, बैल आणि हरीण यांच्या मधला वाटावा असा प्राणी, जगाला तो कळलाच मुळी १९९२ मध्ये आणि कसा तर वू क्वांगच्या जंगलात पाहणीला गेलेल्या लोकांना शिकाऱ्यांच्या घरात ती शिंगं दिसली म्हणून. २०१३ मध्ये कॅमेऱ्यात एकदा टिपला गेला, त्यानंतर पक्का असा दिसलेला नाही. आता सांगा, क्लासच्या जाहिरातीत भिंतीवर शिंगं लावून फोटो काढायची काय गरज होती? मी चिंना विचारलं तर त्या म्हणाल्या ती शिंगं त्यांच्या घरची नाहीतच, बुकिंगवाल्या पोराने कुठूनतरी फोटो उचललाय. कायदा पण कडक झालाय, संकटातल्या संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, २०२० च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी वेगळा निर्देश काढून वन्यप्राण्यांच्या व्यापारावर अजून बंधनं घातली. त्यामुळे कोणी कानाशी येऊन "खरं जंगलातलं आहे" म्हणालं तर कौतुकाने बसू नका, उठा. अर्धा स्टार मी या फोटोचा कापलाय.

चिंचं स्वतःचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते मला जास्त पटलं. २०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला, त्या एका वर्षात देशभरात साधारण ६० लाख डुकरं मारावी लागली, चिंची सगळीच्या सगळी गेली, चौदा. परत सुरू करायला दोन वर्षं गेली. त्या म्हणाल्या जंगलातलं डुक्कर कुठून आलं, कशाने मेलं मला माहीत नाही, हे माझ्या हातचं खाल्लेलं आहे. खायला काय देता विचारलं तर केळीचा खुंट, रताळ्याचा पाला, कोंडा, कणसं. वजन वाढायला वर्षभर लागतं, फार्मवरचं पांढरं डुक्कर सहा महिन्यांत तयार होतं.

मांस आदल्या दिवशी कापलेलं, खांद्याचा तुकडा कातडीसकट. गवताच्या जाळावर भाजलेली कातडी, सोनेरी पिवळी, आणि तिच्यावर केसांची छिद्रं तीन तीनच्या पुंजक्यात, व्हिएतनाममध्ये हीच रानडुकराची खूण मानतात, एका जागी तीन केस. पण संकरितात पण ते येतंच, तेव्हा त्यावरून जंगली ठरवू नका. मांस गडद लाल, चरबी अगदी बोटाच्या पेराएवढी, कातडी मात्र जाड.

खरा क्लास इथून सुरू झाला आणि इथून पुढचे दोन तास मी वहीतून मान वर केली नाही. पहिलं म्हणजे आलं ठेचून भाताच्या दारूत घालायचं आणि त्याने मांस चोळून धुवायचं, उग्र वास जातो. मग बर्फात अर्धा तास, घट्ट झालं की दोन तीन मिलिमीटरचे काप, आणि प्रत्येक कापाला कातडी, चरबी आणि मांस तिन्ही पाहिजे, नुसतं मांस आलं तर चि तो काप परत पुढ्यात ठेवायच्या. मांसाच्या धाग्याला आडवं कापायचं. कोरियन मुलींपैकी एकीचे काप इतके सुंदर होते की चिंनी तिला लग्नाचंच विचारलं, कोणाशी ते कळलं नाही.

मुरवायला बारीक चिरलेला गवती चहाचा बुंधा, कुलिंजन, ओली हळद, छोटे कांदे, लसूण, माशाचा सॉस म्हणजे नुओक माम, चिमूटभर साखर, चिमूटभर अजिनोमोटो (नाक मुरडू नका, तिथे घरोघरी असतं), मॅक खेनची पूड, आणि "मे". मे म्हणजे शिळ्या भातापासून आंबवलेलं, आंबट, पांढरं, बरणीत वर्षानुवर्षं चालू ठेवतात, विरजणासारखं, त्यातून काढायचं आणि नवा भात टाकत राहायचं. ती बरणी उघडल्यावर माझा भाऊ अंगणात निघून गेला. पण गाळून दोन चमचे घातलं की दह्यासारखा मऊ आंबटपणा येतो आणि मांस पण सुटतं. दक्षिणेत हेच नारळाचं दूध आणि करी पावडर घालून करतात, वर भाजलेले शेंगदाणे, त्याला "साव लान" म्हणतात, चि म्हणाल्या ते सायगॉनवाल्यांचं गोड काम, आम्ही असं करतो. असं बोलताना जे तोंड केलं ना त्यांनी, ते कुठल्याही दोन गावांच्या आमटीबद्दल बोलताना होतं तसंच.

वीस मिनिटं मुरवून झाल्यावर एक गोष्ट केली जी मी कधीच करत नव्हते. मांस चाळणीत टाकून सुटलेलं पाणी वेगळं काढलं. तेच तर. मी घरी मुरवलेलं सगळं पाण्यासकट कढईत ओतते आणि मग कढई थंड पडते आणि मांस परतलं जात नाही, उकडतं. ते पाणी फेकायचं नाही, शेवटी घालायचं.

चूल लाकडाची, कढई काळीकुट्ट. डुकराची चरबी, ती धुरावली की गवती चहा आणि लसूण, दहा बारा सेकंद, सोनेरी होताच झाऱ्याने काढून घेतलं कारण गवती चहा जळला की कडू होतो आणि मग कोणी वाचवू शकत नाही. मग मांस, एका वेळी पाव किलोच. उरलेलं वाट बघेल. चि म्हणाल्या हात भरून टाकलंस की आग मरते. काप पसरायचे, हलवायचे नाहीत, अर्धा मिनिट तसेच, मग उलटायचे, मग सतत. एकूण तीन मिनिटं. कातडीच्या कडा वळतात आणि अर्धपारदर्शक होतात, चावल्यावर कुरकुर आवाज येतो, कच्चट नाही आणि चामडंही नाही. मी पाच मिनिटं ठेवलं तर काय होईल विचारलं. त्यांनी दोन काप मुद्दाम ठेवले आणि मला दिले. रबर. म्हणजे एकतर तीन मिनिटं नाहीतर दीड तास मंद आचेवर, मधल्या वेळात हे मांस तुमचं ऐकत नाही. मात्र तीन मिनिटांत गुलाबी कुठेच राहता कामा नये, म्हणूनच काप इतके पातळ हवेत. डुकराच्या, त्यातही रानडुकराच्या कच्च्या मांसात ट्रायकिनेलाचे जंत असू शकतात, आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस गेलं पाहिजे, आणि उत्तर व्हिएतनाममध्ये अर्धकच्चं डुक्कर खाऊन बरेच जण एकदम आजारी पडल्याच्या घटना झालेल्या आहेत. हे दुभाष्याने सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

शेवटी पाला. आणि इथे चि एकदम कडक झाल्या. मुरवणाचं पाणी आणि मिरच्या घालून एक उकळी, काढून ठेवलेला गवती चहा परत आत, मग ला लोत सुरीने चिरून, बरोबर पंधरा सेकंद, नुसतं मलूल व्हायला. मग कढई चुलीवरून खाली. खाली! आणि मग मुई ताऊ, किन्ह झोय, थोडा राव राम, दोन वेळा उलथणं आणि ताटात. हे दुसरे तीन आगीवर गेले की त्यांचा वास चुलीलाच जातो, तोंडाला येत नाही. नुसता पाला किती तर अर्ध्या किलो मांसाला दोन्ही ओंजळी भरून, मी ज्याला सजावट समजत होते ती भाजी होती. वरून हात झोयचे दोन दाणे भाजून कुटून.

आता कुरकुर. नऊ माणसं आणि दोन कढया. प्रत्येकाला आपल्या हाताने परतायला मिळेल असं पानावर लिहिलेलं, प्रत्यक्षात चार जणांनी परतलं, मी त्यात होते कारण भावाने चिंना काहीतरी सांगून माझा नंबर लावला, पण हनोईच्या मायलेकींना नुसतं बघावं लागलं आणि त्या लेकीचा चेहरा मला आवडला नाही. तीन मिनिटांचं काम आहे, पुन्हा पाव किलो टाका की. मांस नव्हतं म्हणाले. एवढ्या पैशात ते चालत नाही, अजून एक स्टार इथे गेला. दुभाष्या पोरगा गोड आहे पण चि दोन मिनिटं बोलल्या की तो म्हणतो "मग हे घालायचं", अरे बाबा त्या एवढं काय काय बोलल्या. भाऊ नसता तर मला निम्मं कळलं नसतं. छापील कृतीत प्रमाणच नाही, "थोडं", "थोडं", "आवडीप्रमाणे", मी वहीत लिहिलं म्हणून बरं.

जेवण जमिनीवर चटई टाकून. चिकट भात हाताने गोळा करून, कच्च्या पाल्याची परडी मध्ये, एक काप, एक तिया तोचं पान, भाताचा गोळा, आणि "चम चेओ" नावाच्या ओल्या चटणीत बुडवायचं, त्यात पुन्हा मॅक खेन, मिरची, लसूण. पहिला घास घेतला तेव्हा आधी लिंबाचा वास, मग धूर, मग कातडीची कुरकुर, आणि सगळ्यात शेवटी ओठांना ती तिरफळाची झिणझिण. बोलायला सुचलं नाही. बांबूच्या कोंबांचं सूप आणि केळफुलाची कोशिंबीर पण होती, ठीक होती. मक्याच्या दारूचा पेला, "मोत, हाय, बा, झो", म्हणजे एक, दोन, तीन, चढवा, असं ओरडून सगळ्यांनी एकदम, मी अर्ध्यावर थांबले, चि थांबल्या नाहीत.

डुक्कर खात नसाल तर आधी सांगा, कोंबडी घालून तेच शिकवतात, पण मग तीन मिनिटांची गंमत जाते कारण गंमत कातडीत आहे. शाकाहारी असाल तर फक्त बाजारफेरी घेता येते का विचारा, मी विचारलं तेव्हा चि हो म्हणाल्या, पानावर तसा पर्याय दिसला नाही. डिसेंबर जानेवारीत जाणार असाल तर गरम कपडे न्या, लाकडी घराच्या फटींतून वारा येतो. बुकिंग करताना माणसं किती ते विचारून घ्या, सहाच्या वर असतील तर दुसरा दिवस पकडा.

परत हनोईला आल्यावर तिसऱ्या दिवशी भावाच्या फ्लॅटवर करून बघितलं. सुपरमार्केटमध्ये पाळलेलं रानडुक्कर शिक्का मारून मिळतं, पाला खालच्या गल्लीतल्या बाईकडे, मेची छोटी बरणी पण मिळाली, भावाने ती बाल्कनीत ठेवायला लावली. विजेच्या शेगडीवर कढई तापता तापेना म्हणून मी पाव किलोचं पण दोनदा केलं. कातडी जमली. रंग जमला. पण तो वास काही येईना, म्हणजे होता, पण कोणीतरी शेजारच्या घरात करतंय असा. "झालो" म्हणजे तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप, त्यावर चिंना फोटो पाठवला, भावाने खाली लिहिलं की एमने केलंय, कसं दिसतंय. दहा मिनिटांनी उत्तर आलं, भावाने वाचून दाखवलं. पानं काळी दिसतायत, कढई खाली उतरवली नव्हतीस ना. मग एक हसरा चेहरा, आणि खाली अजून एक ओळ, की विजेची शेगडी बंद केली तरी गरमच असते, उचलून बाजूला ठेव.